दोघांनी पाहिलेला पक्षी

“शक्कर कम डालूँ, दादा?” टपरीवाल्या बाईनं विचारलं.

“हो,” मुळमुले म्हणाला.

“के ज़्यादा?”

“हो.”

बाई हसली. बिशनखेडीच्या वाटेवरच्या या टपरीवर मुळमुलेची आणि तिची साखरेवरून वर्षानुवर्षांची भांडणं. “आज बड़े सीधे बनके आए हो! हर बार तो सुनाते थे, ये चाय है के चाशनी.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिचं हसू मावळलं. गाडीच्या सीटवर उशी ठेवून तिच्यावर टेकवलेला त्याचा उजवा हात तिला दिसला. “हाय राम,” ती पुटपुटली. चहा तिनं कमी साखरेचाच केला, बशीत ओतून निववला आणि स्वतः खिडकीशी घेऊन आली.

दिवाळी होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा मुळमुलेला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदी सगळं गेलं नाही, एक शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. कुणाची एखादी शिवी राहते, कुणाचं बायकोचं नाव. याचा ‘हो’ राहिला. तो होकार समजू नका, तोंडातून तेवढा एकच आवाज निघतो असं समजा, असंही त्यांनी सांगितलं. त्याला कळतं किती, असं मी विचारलं तर म्हणाले, “नक्की नाही सांगता येणार.”

मुळमुलेला ओळखणाऱ्यांना यातली क्रूर थट्टा कळेल. हा माणूस जन्मभर नाही म्हणत आला. सरकारी कचेरीत कारकून होता. नोकरीत असेपर्यंत शिवाजी नगरच्या क्वार्टरात राहायचा. साहेबांनी “हे आज निघेल ना?” असं विचारल्यावर “नाही साहेब, परवा” म्हणणारा त्या मजल्यावर तो एकटाच असावा. मराठी मंडळानं अध्यक्ष व्हा म्हटलं, तर नाही. निर्मलावहिनी गेल्यावर मुलानं, तुषारनं, पुण्याला चला म्हणून चार वर्षं आर्जवं केली. “पुण्यात तळं आहे का बे एवढं? नाही न? मंग?” एवढंच उत्तर.

आता तुषार त्याला दुसऱ्या दिवशी पुण्याला नेणार होता. कोटऱ्यातलं घर, ज्याच्या गच्चीवरून मोठ्या तळ्याची एक पट्टी दिसते, ते विकायला काढलं होतं.

“मी विचारलं त्यांना, काका,” तुषार मला म्हणाला होता. “अगदी समोर बसून, हात हातात घेऊन विचारलं. हो म्हणाले.”

मला तोंडावर बोलता येत नाही. घरी आल्यावर मात्र झोप येईना. त्याच्या आत कुठेतरी ‘नाही’ अजून शिल्लक असेल, आणि तो मला एकदा जरी दिसला, तरी तुषारला सांगता येईल. म्हणून मी फोन करून, अडखळत, एकदा त्याला पाण्यावर नेऊ का असं विचारलं. तुषार चांगला मुलगा आहे. “मीच आणतो ना गाडीतून,” म्हणाला.

*

आमच्या पक्षी बघण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. इंद्रपुरीत एकटा राहतो, लग्न केलं नाही, पुस्तकं वाचतो. पक्ष्यांचा नादही मला पुस्तकातूनच लागला. मंडळाच्या वाचनालयात पक्ष्यांचं एकुलतं एक पुस्तक मी सारखं नेतो हे बघून मुळमुलेनं मला गाठलं. “नारायण न तू? त्या पुस्तकात पक्षी कधी उडाला का बे एखादा? चाल, रविवारी दाखवतो.”

नावं मला माहीत होती, नजर त्याच्याकडे होती. मला दिसलेल्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास बसत नाही. शेपूट पांढरी होती की मला तशी वाटली? त्यावर मुळमुलेनं एक नियम काढला. दोघांनी पाहिला तर पाहिला. एकट्याला दिसलेला पक्षी धरायचा नाही, मग तो कितीही दुर्मिळ असो आणि बघणारा शपथेवर सांगो. एकदा त्यालाच कलियासोतच्या धरणावर भल्या पहाटे काळा करकोचा दिसला होता. मी पोहोचेपर्यंत उडाला. “गेला,” तो म्हणाला. “एकट्याचा होता. सोडून दे.” पुन्हा त्यानं त्याचा विषय काढला नाही.

आणि त्याची एक खोड होती. मी दुर्बीण डोळ्यांना लावून घाईघाईनं नाव उच्चारलं आणि ते चुकीचं असलं, की तो काही न बोलता दुर्बिणीच्या पुढच्या टोकावर पंजा ठेवायचा आणि ती खाली दाबायचा. मग म्हणायचा, “नाही बे. आधी उघड्या डोळ्यानं बघ. दुर्बिणीत माणसाला पायजे तेच दिसते.” मला राग यायचा. पण त्या पंजाच्या भरवशावरच मी तीस वर्षं पक्षी ओळखत आलो. तो पंजा आला नाही, की माझं बरोबर आहे असं मी समजायचो.

*

त्या दिवशी बिशनखेडीला तळ्याचं पाणी बरंच मागे हटलं होतं. काठावरच्या गाळात लोकांनी काकडीचे वेल लावले होते, पलीकडे गहू पिवळा पडला होता, आणि दूर बांधावर दोन पळस पेटल्यासारखे उभे होते. होळी तोंडावर आली होती. दर वर्षी या दिवसांत आम्ही यायचो ते निरोपाला. हिवाळ्यात आलेले चक्रवाक, थापटे, पट्टकादंब हंस या सुमाराला उत्तरेकडे निघतात. आधी अस्वस्थ होतात, सकाळपासून उगीच उठतात, एक फेरी मारतात, पुन्हा पाण्यावर बसतात. मुळमुलेला ती अस्वस्थता बघायला फार आवडायची. “बघ, स्टेशनावर लवकर पोचलेल्या लोकांसारखे करतात.”

तुषारनं चाकाची खुर्ची बांधापर्यंत ढकलत आणली, पायांवर शाल घातली, गळ्यात त्याची जुनी दुर्बीण अडकवली.

“बाबा, मस्त वाटतंय ना?”

“हो.”

“मी जरा पॅकर्सशी बोलून घेतो. काका, काही लागलं तर हाक मारा.” तो गाडीकडे गेला.

आम्ही दोघं उरलो. या बाजूला पाणी जवळजवळ रिकामं होतं. चक्रवाकांच्या दोन-तीन जोड्या होत्या, लांब तांबड्या पायांचे थोडे शेकाटे होते. हंस दिसले नाहीत. आम्हाला उशीर झाला असावा.

एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी घसा साफ केला. “मुळमुले, तो बघ गरुड.”

त्यानं पाहिलं, निदान मान तरी तिकडे वळवली. “हो.”

टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. “कोकिळा,” मी म्हणालो.

“हो.”

“आणि तो शेकाट्या. तो मोर आहे.”

“हो.”

माझी मलाच लाज वाटू लागली. आजारी माणसाची परीक्षा घेत होतो मी, तीसुद्धा शाळेतल्या खडूस मास्तरासारखी. त्याच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ती मी रुमालानं पुसली, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही. पुस्तकात असतं तर मी ओळखलं असतं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“हो,” तो म्हणाला.

मी हसलो, आणि मग हसू आवरून घ्यावं लागलं, कारण ते भलतीकडे वळत होतं. मी खुर्चीशेजारी बांधावर बसलो. परीक्षा सोडून दिली. नुसतं पाण्याकडे बघत राहिलो. वारा सुटला होता आणि त्याला गव्हाचा वास होता.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर मला काहीतरी फिकट दिसलं. गाळाच्या कडेला पाच-सहा पांढुरके आकार, अंग चोरून बसलेले. मी दुर्बीण लावली. उन्हाची झळ थरथरत होती, आकार हलत होते. एकानं मान वर केली असं वाटलं. गेले नव्हते! “मुळमुले, हंस!” मी ओरडलो. या वेळी खरंच ओरडलो, त्यात खोटं काही नव्हतं. “पट्टकादंब! आहेत अजून, शेवटचे—”

माझी दुर्बीण खाली गेली.

तिच्या पुढच्या टोकावर त्याचा पंजा होता. डावा, पूर्वी उजवा असायचा. जोर लावून दाबत होता. मी उघड्या डोळ्यांनी पलीकडे पाहिलं. एक माणूस वेलांतून चालत आला, त्या पांढुरक्या आकारांपैकी एक उचलून त्यानं खांद्यावर टाकला. खताच्या गोण्या होत्या.

मग मी त्याच्याकडे वळलो. पंजा अजून तिथेच होता. 

“मुळमुले,” मी म्हणालो, “तुला पुण्याला जायचंय का?”

“हो,” तोंड म्हणालं. आणि पंजानं दुर्बीण आणखी खाली दाबली, पार माझ्या छातीपर्यंत.

“इथंच राहायचंय?”

“हो.” पंजा सुटला. शालीवर जाऊन पडला.

चक्रवाकांची एक जोडी उठली, आवाज करत पाण्यावरून एक फेरी मारून पुन्हा बसली. आम्ही दोघांनी ती पाहिली.

*

परतीच्या वाटेवर गाडीत मी तुषारला सांगायचं ठरवलं. वाक्यं जुळवत होतो. पण जसजसं कोटरा जवळ येऊ लागलं, तसतशी माझी नेहमीची कुरतड सुरू झाली. हात नुसता थकून घसरला असेल तर? आधाराला काहीतरी धरायचं म्हणून त्यानं दुर्बीण धरली असेल तर? हंस बघायची इतकी इच्छा होती की मला गोण्यांचे हंस दिसले. मग त्याचा ‘नाही’ बघायची इच्छा तर त्याहून मोठी होती.

घरात सामान बांधून झालं होतं. भिंतींवर फोटोंचे चौकोन तेवढे उरले होते. तुषारनं त्याला खिडकीशी बसवलं. मी उभाच राहिलो.

“तुषार, एक बोलू का? मला वाटतं, त्याला जायचं नाहीये.”

तो पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवला. “ते म्हणाले तसं?”

“म्हणाला नाही. त्यानं... माझी दुर्बीण खाली दाबली.”

बोलताक्षणी मला ते किती पोरकट आहे ते ऐकू आलं. तरी मी सांगत राहिलो. खोड सांगितली, गोण्या सांगितल्या, पंजा सांगितला. तुषारनं मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीशी जाऊन वडिलांसमोर गुडघ्यांवर बसला.

“बाबा, आपण पुण्याला जायचं ना?”

“हो.”

“उलटं विचार,” मी म्हणालो. “राहायचंय का ते विचार.”

“बाबा, इथंच राहायचंय का?”

“हो.”

तुषारनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “बघितलंत? मी रोज रात्री दोन्ही विचारतो, काका. दोन्हीला हो म्हणतात. यातला कुठला हो धरू मी, सांगा ना?”

“दुर्बीण लावून विचार,” मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

त्यानं तेही केलं. किती मुलं करतील? वडिलांच्या गळ्यातली दुर्बीण काढून त्यानं स्वतःच्या डोळ्यांना लावली, ती हातभर अंतरावरून त्यांच्याकडे रोखली आणि पुन्हा विचारलं, “बाबा, जायचं?”

आम्ही वाट पाहिली. मुळमुले खिडकीबाहेर बघत होता. त्याचा डावा हात मांडीवर होता, बोटं किंचित वळलेली, आणि तो हलला नाही.

“हो,” मुळमुले म्हणाला.

तुषारनं दुर्बीण काढली. हळूच तिचा पट्टा गुंडाळला. “इथे त्यांच्याजवळ कोण राहील, काका? रात्रीची बाई दोनदा सोडून गेली. मला नोकरी आहे, तुमच्या सुनेलाही आहे. तिकडे डॉक्टर आहेत, फिजिओ आहे. त्यांनी एकदा, एकदाच नाही म्हटलं असतं ना, मी काहीतरी केलं असतं. खरंच केलं असतं.”

मी राहीन, असं माझ्या ओठांवर आलं. पण माझ्या हातांना कंप आहे, मला त्याला खुर्चीतून उचलता येत नाही, आणि सकाळी त्याची शाल मी पडू दिली होती ते तुषारनं पाहिलं होतं. मी मान हलवली. एकट्यानं पाहिलेलं होतं ते. नियम त्याचाच होता.

*

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच आलो. गाडी दारात होती. शेजारचे एक-दोन जण निरोप देऊन आत गेले होते. मुळमुलेला पुढच्या सीटवर बसवून पट्टा बांधला होता, अंगात इस्त्रीचा सदरा होता, भांग कुणीतरी उलट्या बाजूला पाडला होता. मी खिडकीतून हात घालून तो नीट केला.

“ही तुम्ही ठेवा.” तुषारनं जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. “विचारलं मी त्यांना.” पुढचं तो बोलला नाही. मागे जाऊन डिकीत बॅगा रचू लागला.

“पोचल्यावर फोन करायला सांग तुषारला,” मी मुळमुलेला म्हणालो.

“हो.”

“मी येईन. होळी झाली की येईन.” मी कुठे जात नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

“हो.”

माझा चेहरा आवरेनासा झाला होता आणि तो त्याला दिसू नये असं मला वाटलं. मी दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली आणि वर आभाळाकडे पाहिलं, काहीतरी जात असल्यासारखं. काही जात नव्हतं. काचा ओल्या झाल्या होत्या आणि नुसता राखी उजेड दिसत होता.

“चक्रवाक,” मी म्हणालो. “निघाले बघ.”

दुर्बीण खाली गेली.

या वेळी सावकाश गेली, जोर न करता. खिडकीतून बाहेर आलेला तो हात दुर्बिणीवर होता आणि मुळमुले माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी काही लपवलं नाही. डिकी बंद झाल्याचा आवाज आला. हात तसाच होता.

“चला काका,” तुषार गाडीला वळसा घालून येत म्हणाला, वाकून माझ्या पाया पडला आणि आत बसला. गाडी सुरू झाली, तेव्हा तो हात दुर्बिणीवरून सुटला, पण आत गेला नाही. खिडकीबाहेरच राहिला, पालथा, हवेवर टेकवल्यासारखा. तुषार आरशात मागची बाजू बघत होता.

गाडी उतारावरून गेली आणि वळली. मी उघड्या डोळ्यांनी बघत होतो. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.